फ्रान्सिस ओकेलो हयात असताना केलेला अर्ज

अर्जदार : दिगंबर सखाराम गायधने, शिक्षण इयत्ता नववी पूर्ण, मूळ राहणार तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक, हल्ली मुक्काम कतार, अल वक्राच्या बाहेरील कामगार वस्ती, हुद्दा हजेरी कारकून, त्याखेरीज गेली अनेक वर्षे वस्तीतील सर्व भाषिकांचा अर्जलेखक.

ज्याच्याकरिता अर्ज : फ्रान्सिस ओकेलो, राहणार पूर्व युगांडा, पूर्वी तेथील एका वैद्यकीय संशोधन प्रकल्पाचा गावपातळीवरील कर्मचारी, नंतर आमच्या वस्तीच्या फाटकावरील सुरक्षारक्षक, सध्या अन्यत्र.

मयत : संपत लक्ष्मण धोंगडे, राहणार तालुका केज, जिल्हा बीड, काम सळया बांधण्याचे.

साक्षीदार : एक, सुरेश पेडणेकर, बसचालक, राहणार कुडाळ. दोन, श्रीमती रेखा संपत धोंगडे, मयताची पत्नी, साक्ष फोनवरून.

दिनांक : सर्व तारखा माझ्या वहीत असून मागणी झाल्यास सादर करीन. ऋतू उन्हाळा.

प्रतिपक्ष : नाव लिहिलेले नाही. नाव लिहिले की विषय बाजूला पडतो आणि नाव कोणी लिहिले याची चौकशी सुरू होते, हे मी सिन्नरच्या कचेरीबाहेर टेबल मांडून बसत असल्यापासून पाहत आलो आहे.

येथवर रीतीप्रमाणे झाले. यापुढे जे लिहावयाचे आहे ते एका माणसाविषयी आहे आणि माणूस कलमांत बसत नाही, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे.

फ्रान्सिस फाटकावर रुजू झाला त्या दिवशी मी त्याच्याकडे मान वर करून पाहिले नाही. फाटकावरची माणसे बदलत असतात. उंच, सडपातळ, कंपनीच्या शर्टाच्या बाह्या मनगटापासून चार बोटे वर राहिलेल्या, एवढेच ध्यानात आले. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करावयास येथे सरकारी बंदी असते, त्या बंदीच्या आधी अल गराफाच्या कामावरून आमच्या बसेस परत येतात. माणसे खाली उतरतात, रक्षकाने गळ्यातील ओळखपत्र पाहावे आणि आत सोडावे, एवढेच काम. फ्रान्सिसने ओळखपत्र पाहिलेच नाही. त्याने पहिल्या माणसाच्या पायांकडे पाहिले, मग डोळ्यांखाली पाहिले, मग विचारले,

“भाई, पानी कितना पिया?”

“दो बोतल.”

“पेशाब कैसा?”

त्या माणसाने मागे वळून इतरांकडे पाहिले. हसण्याचा असा फवारा उडाला की कॅम्प बॉस, म्हणजे वस्तीचा व्यवस्थापक, कार्यालयातून बाहेर आला. रांगेतून एक आवाज आला, “आरं, ह्यो गडी तर आपल्या मुतावर बी पहारा करायलाय!” तो आवाज संपतचा. संपत धोंगडे यांची माझ्या वहीतील पहिली नोंद हजेरीची असली तरी माझ्या स्मरणातील पहिली नोंद ही आहे.

पेडणेकर स्टिअरिंगवर कोपर टेकून माझ्याकडे पाहत म्हणाला, “गायधनेनू, ह्यो माणूस तुमच्या हजेरीबुकात मावूचो नाय.”

फ्रान्सिस हसला नाही आणि रागावलाही नाही. त्याने दुसऱ्या माणसाच्या पायांकडे पाहिले.

पुढे कळले ते असे. त्याच्या मुलखात मलेरिया हा पाहुणा नसून घरचाच आहे. तेथे परदेशातील विद्वान आणि त्यांचे स्वतःचे डॉक्टर मिळून एक प्रकल्प चालवीत होते. काही गावे निवडून त्यांतील प्रत्येक घराच्या दारावर क्रमांक घातलेला असे, आणि फ्रान्सिससारखी गावातलीच शिकलेली माणसे दर काही आठवड्यांनी प्रत्येक दार वाजवीत. कोण जन्मले, कोण मेले, कोण गाव सोडून गेले, कोणाच्या पोराला ताप आहे, हे लिहून घेत. पोराच्या बोटातून थेंबभर रक्त कागदावर घेत. त्या भागातील पोरांना तापात लघवी काळी होण्याचा एक आजार होतो. ती किती काळी झाली म्हणजे धोका किती, हे अशिक्षित आईलाही सांगता यावे म्हणून प्रकल्पाने एक रंगपट्टी बनविली होती. पिवळ्यापासून काळ्या चहापर्यंत एकाखाली एक रंग. अकरा वर्षे फ्रान्सिस ती पट्टी खिशात घालून सायकलवर हिंडला.

“तू डॉक्टर होतास म्हण की,” मी एकदा त्याला म्हणालो.

“नाही. डॉक्टर आत बसतो,” तो म्हणाला. “मी दार वाजवणारा.”

तो माझ्याशी इंग्रजीत आणि वस्तीच्या हिंदीत बोले. मी त्याचे म्हणणे मराठीत उतरवीत आहे. भाषांतराच्या कामात माझा हात स्वच्छ आहे, असे सिन्नरचे एक नायब तहसीलदार चारचौघांत म्हणाले होते.

महिनाभरात त्या रंगपट्टीच्या रंगीत प्रती आमच्या सर्व संडासांच्या दारांना आतून चिकटलेल्या दिसू लागल्या. त्याने त्या बाहेरच्या दुकानातून स्वतःहून काढून आणल्या होत्या. मंडळींना विषयच मिळाला. “काय संपतराव, आज कोणता रंग काढला घराला?” “तिसरा. दिवाळीला चौथा काढू.” नेपाळी, बंगाली, मराठी, सर्वांचे विनोद एकाच दारापाशी जमू लागले. फ्रान्सिस ते ऐकून घेई आणि मग शांतपणे विचारी, “तिसरा सकाळी, की दुपारी?” विनोद करणाऱ्याला उत्तर द्यावेच लागे. आणि मग तो ते लिहून घेई.

त्याच्याकडे एक जाड वही होती. खोलीवार, पलंगवार. वही पाहण्याचा योग मला लवकर आला, कारण अक्षर आणि रकाने यांविषयी वस्तीत अधिकाराने बोलू शकणारा मीच. रकाने उत्तम आखले होते. जन्म, मृत्यू, स्थलांतर. मी म्हणालो, “पहिल्या रकान्याचा येथे काय उपयोग? ही पुरुषांची वस्ती.” तो म्हणाला, “मला तीन रकान्यांचीच सवय आहे. पण तुझे बरोबर आहे. इथे माणसे दोनच प्रकारे कमी होतात.” हे तो अशा सुरात बोलला, जणू पाण्याच्या टाकीविषयी बोलतो आहे. मला ते आवडले नाही, आणि मी तसे सांगितले.

दुसरी सवय मण्यांची. त्याच्या खिशात दोऱ्यात ओवलेले प्लास्टिकचे मणी असत. मी प्रथम जपमाळ समजलो. त्याच्या गावाकडे, ज्या बायांना घड्याळ वाचता येत नाही त्या पोराच्या छातीकडे पाहत श्वासागणिक एक मणी सरकवतात. प्रकल्पाने दिलेली मिनिटाची घंटी वाजण्याआधी दुसऱ्या रंगाचे मणी लागले तर पोराला उचलून दवाखान्यात न्यायचे. फ्रान्सिस बसच्या खिडकीशी उभा राहून आत झोपलेल्या माणसांकडे पाहत मणी सरकवी. उन्हातून आलेली माणसे बसमध्ये तोंडे उघडी टाकून झोपतात. त्यांच्याकडे कोणी अशा प्रकारे पाहत उभे राहावे, हे दृश्य मला आजही नीट सहन होत नाही. पेडणेकर ओरडे, “अरे मेल्या, जिते असत ते! तू काय मोजतंस?” फ्रान्सिस बोट वर करी, म्हणजे थांब, आकडा चुकेल.

एका शुक्रवारी जेवणानंतर तो माझ्या टेबलाशी आला. अर्ज लिहून हवा होता. विषय विचित्र होता. प्रकल्पासाठी मिळणारी मदत आटली, तेव्हा विद्वान गेले, थंड पेट्यांतील रक्ताचे कागद विमानाने गेले, आणि दार वाजवणारे तेवढे गावात राहिले. एका घरातील अपियो नावाच्या मुलीचे रक्त त्याने घेतले होते. मुलगी पुढे वारली. आई दर रविवारी चर्चबाहेर त्याला गाठून विचारी, “माझ्या लेकराच्या रक्तात काय निघाले?” त्याने तिला, उत्तर घेऊन येईन, असे सांगितलेले होते. संस्थेला तीन पत्रे गेली. उत्तर आले नाही. शेवटी तो गावच सोडून कतारला आला.

“पगारासाठी आलास,” मी म्हणालो.

“त्यासाठीही. पण रविवार चुकवण्यासाठी आधी.”

मी कागद घेतला आणि माझ्या पद्धतीने सुरुवात केली. अत्यंत नम्रतापूर्वक, सविनय, आपल्या थोर संस्थेच्या उज्ज्वल परंपरेस स्मरून. पहिला परिच्छेद चांगला उतरला होता. फ्रान्सिसने वाचला, माझ्या हातातील पेन घेतले आणि सगळा परिच्छेद एका रेषेने खोडला. वर लिहिले, ‘अपियो. वय चार. रक्त घेतल्यानंतर नऊ दिवसांनी मृत्यू. आई उत्तर मागते.’

माझ्या अर्जावर कोणी रेघ मारलेली मी आजवर खपवून घेतलेली नाही. मी म्हणालो, “ही भाषा नव्हे. अधिकारी माणूस असे वाचत नाही. त्याला आधी मान द्यावा लागतो.”

“मिस्टर रायटर,” तो म्हणाला, “मान वाचता वाचता तो पान उलटतो.”

अर्ज त्याच्या शब्दांत गेला. त्यालाही उत्तर आले नाही. मला त्या वेळी मनातून बरे वाटले, हे मी येथे नोंदवतो, कारण पुढे जे घडले त्याच्याशी या बरे वाटण्याचा संबंध आहे.

त्या उन्हाळ्यात पहाटेची हवा ओली होती. जे येथे राहिले आहेत त्यांना हे सांगावयास नको. अंगावरचा घाम सुकतच नाही आणि सूर्य वर यायच्या आधीच माणूस भिजून जातो. सळया बांधणारे दिवसभर वाकलेले असतात. फ्रान्सिसच्या वहीत पायांत गोळे येणाऱ्यांची नावे वाढू लागली. तो आता विनोदांना उत्तर देईनासा झाला. फाटकाशी माणूस थांबवून त्याच्या घोट्यावर अंगठा दाबी आणि अंगठा काढल्यावर खळगा किती वेळ राहतो ते पाही. संपतच्या घोट्यावरचा खळगा तो बराच वेळ पाहत राहिला.

“काय हाय, पीक आलं का त्यात?” संपत म्हणाला.

फ्रान्सिसला शब्द कळले नाहीत. त्याने मला विचारले, आणि मी सांगितल्यावर म्हणाला, “त्याला सांग, सकाळी आरसा पाहिलास का? डोळे सुजलेले असतात का?”

संपत हसायचा थांबला.

शुक्रवारी दोघे माझ्या टेबलाशी आले. संपतला चिठ्ठी हवी होती. वस्तीचा नियम असा की कार्यालयाची चिठ्ठी असली तर दवाखान्यात जाणे ही रजा. चिठ्ठी नसली तर गैरहजेरी. संपतच्या कराराचे नूतनीकरण तोंडावर होते आणि गैरहजेरी त्याला परवडणारी नव्हती. गैरहजेरीची खूण करणारा हात माझाच, हेही येथे नमूद करतो.

“लिवा भाऊ,” संपत म्हणाला, “दवाखान्यात धाडा म्हनावं, न्हाईतर दोन दिस सावलीत तरी काम द्या. लई काय मागत न्हाई.”

फ्रान्सिस उभा राहूनच सांगू लागला. “लिही. तीन दिवस लघवी काळ्या चहासारखी. पायांत गोळे. चेहरा सुजलेला. आज डॉक्टरने पाहिले पाहिजे. आज हा शब्द मोठा लिही.”

मी कच्च्या कागदावर सर्व लिहून घेतले. ते समाधानाने गेले. मग मी इंग्रजीत पक्की प्रत करावयास बसलो.

वाचकहो, मी अर्जलेखक आहे. कार्यालयात जाणाऱ्या कागदावर लघवी हा शब्द माझ्या हातून कधी गेलेला नव्हता. ज्याच्या टेबलावर तो कागद पडेल तो जेवून उठलेला असेल, त्याच्या शेजारी कोणी पाहुणा असेल. शिवाय फाटकावरच्या रक्षकाने रोगाचे निदान सांगावे आणि मी ते कागदावर चढवावे, हे अर्जाच्या शास्त्राला धरून नव्हते. मी ते वाक्य गाळले आणि त्या जागी एक शब्द घातला, जो मला फार आवडतो, ‘इनडिस्पोज्ड’. एका शब्दात सभ्यपणे सगळे आजार येतात. ‘आज’ या शब्दाऐवजी ‘आपल्या सोयीनुसार’ असे लिहिले. कागद देखणा झाला. संपतने त्याचा फोटो काढून घरी पाठविला. “भाऊ, लई झ्याक लिवलंय तुमी,” असे तो मला म्हणाला, आणि मी त्याचे आभार स्वीकारले.

कार्यालयाने सभ्य अर्जाला सभ्य उत्तर दिले. एक दिवस विश्रांती, दुखण्याच्या गोळ्या, मग कामावर. दवाखान्याची चिठ्ठी नाही.

तीन दिवसांनी, बंदीच्या आधी, पेडणेकरची बस परत आली. माणसे उतरली. संपत मागच्या सीटवर खिडकीला डोके लावून बसलेला होता. पेडणेकर त्याला रोज उठवी तसाच ओरडला, “संपत, ऊठ रे, तुझा गाव इला!” मग तो उठून मागे गेला. मग त्याने फ्रान्सिसला हाक मारली, ती मी कार्यालयात ऐकली.

मी पोहोचलो तेव्हा फ्रान्सिस संपतसमोर गुडघ्यांवर बसला होता. त्याचे डोळे संपतच्या छातीवर होते आणि हातात मणी होते. बाहेर माणसे उभी होती. बसचे यंत्र चालूच होते, थंड हवा येत होती. मी मण्यांकडे पाहत होतो. पहिला मणी त्याच्या अंगठ्याखाली तसाच राहिला.

दाखल्यावर नैसर्गिक मृत्यू असे आले.

त्या दुपारी फ्रान्सिसने माझ्याकडे अर्जाची प्रत मागितली. वाचली. तो ओरडला असता तर मला सोपे गेले असते. त्याने कागदाची घडी पूर्वी होती तशी घातली आणि म्हणाला, “हेच पत्र गेल्या महिन्यात तू नेपाळी पोराच्या दाढेसाठी लिहिले होतेस.”

ते खरे होते. शब्द न् शब्द तोच होता.

यापुढे फ्रान्सिसने जे केले ते त्याच्या मुलखात कामाचा भाग आहे आणि आपल्याकडे कोणाला सुचणार नाही. तेथे माणसे घरी मरतात, डॉक्टरने न पाहता. तेव्हा दार वाजवणारा मयताच्या घरी जातो आणि ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारतो. ती उत्तरे पुढे डॉक्टर वाचतात आणि मरण कशाने आले ते ठरवितात. मात्र लगेच जावयाचे नसते. दुःखाचे दिवस संपू द्यावयाचे, मयताच्या माणसांपेक्षा खाली बसावयाचे, आणि आधी सांगावयाचे की, याने तो परत येणार नाही.

“तुमच्यात दुःखाचे दिवस किती?” त्याने मला विचारले. मी तेरा सांगितले. तो महिनाभर थांबला.

मग एका दुपारी आम्ही माझ्या खोलीत बसलो. फोन मधोमध पलंगावर ठेवला. फ्रान्सिस जमिनीवर बसला, फोनच्या खाली. मी खुर्चीवर बसणार होतो. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि मीही खाली बसलो. तो विचारील ते मी मराठीत सांगावे आणि ती बोलेल ते त्याला सांगावे, काही न गाळता, असे त्याने माझ्याकडून कबूल करून घेतले होते.

रेखाबाईंचा आवाज स्थिर होता. ताप होता का? नव्हता म्हनले. खोकला? न्हाई. साप चावला होता का? न्हाई. झाडावरून पडले होते का?

“झाड कुठंय भाऊ तिथं?” त्या म्हणाल्या.

फ्रान्सिसने तेही लिहून घेतले. मग त्याने विचारले, लघवीचा रंग कसा होता, असे त्यांनी कधी सांगितले होते का?

मी तो प्रश्न परस्त्रीस कसा विचारावा या विचारात होतो. फ्रान्सिस वाट पाहत राहिला. मी विचारला.

“सांगितलं की,” रेखाबाई म्हणाल्या. “काळी व्हायलीय म्हनले, चहावानी. मी म्हनलं, सुट्टी घ्या. तर म्हनले, गायधनेभाऊंनी सायबाला कागद दिलाय, आता दोन दिसांत दवाखान्यात धाडतील. कागदाचा फोटू बी पाठवला. पोरीनं वाचून दावला मला, तिला इंग्रजी येतंय. पर त्यात ते न्हाईच. आजारी हाय एवढंच हाय. भाऊ, तुमी लिवलं न्हाई का ते?”

“काय म्हणाली?” फ्रान्सिसने विचारले.

मी त्याला सांगितले. काही न गाळता.

“उत्तर दे तिला,” तो म्हणाला.

मी म्हणालो, “वहिनी, मी ते गाळलं.”

केजमध्ये कोठेतरी एक मोटारसायकल गेल्याचा आवाज फोनमधून आला. मग रेखाबाई म्हणाल्या, “बरं. मग आता लिवा.”

फ्रान्सिसने शेवटी आपले ठरलेले वाक्य सांगावयास लावले, की मी उत्तर घेऊन परत येईन. मी ते सांगत असता त्याने मान खाली घातली होती. ते वाक्य तो अपियोच्या आईला बोलला होता, आणि ते पुन्हा कोणा बाईला बोलू नये असे त्याने ठरविले असावे, असे मला त्याच्या मानेकडे पाहून वाटले.

त्याने आपली वही, प्रश्न, उत्तरे आणि सूज असलेल्या सात माणसांची नावे घेऊन कॅम्प बॉसची भेट मागितली. मी बरोबर गेलो नाही. मला त्या वेळी हजेरी बंद करावयाची होती, असे मी सांगितले होते. भेट पाच मिनिटांत संपली. कॅम्प बॉस वाईट माणूस नाही. वरून जे येते ते खाली देणारा आहे. तो एवढेच म्हणाला, “तू गार्ड है कि डॉक्टर? खलास. किताब इधर रख.” वही तेथेच राहिली. दुसऱ्या दिवशी संडासांच्या दारांवरील रंगपट्ट्या खरवडून काढण्यात आल्या. आठवड्याच्या आत फ्रान्सिसची बदली कोठल्याशा रस्त्याच्या कामावर झाली, कोणत्या ते सांगण्यात आले नाही. पेडणेकरने रस्त्याच्या कामांवरची फाटके पाहिली होती. “केबिन नाय, झाड नाय,” तो म्हणाला. “सावली व्हयी तर स्वतःच्याच सावलीत बसूचा.”

त्या सात जणांपैकी दोघे गावी परतले. पाच आमच्या येथे आहेत. मी आता हजेरी घेताना त्यांच्या पायांकडे पाहतो. मला त्यातले काही कळत नाही, तरी पाहतो.

फ्रान्सिसला मी त्यानंतर एकदाच पाहिले. एका शुक्रवारी सकाळी (येथे सुट्टीचा वार तो, म्हणून चर्चची प्रार्थनाही त्याच दिवशी) पेडणेकर वस्तीतील ख्रिस्ती मंडळींना घेऊन अबू हमूरला चर्चच्या आवारापाशी निघाला होता, तेव्हा मी बाजाराच्या निमित्ताने बसमध्ये बसलो. खरे निमित्त कोणते ते पेडणेकरला ठाऊक होते. त्याने विचारले नाही. प्रार्थना सुटल्यावर माणसांचा लोंढा बाहेर आला. फ्रान्सिस कडेने चालत होता. मी त्याला उंचीवरून ओळखले, चेहऱ्यावरून ओळखले नसते. चेहरा भरल्यासारखा वाटत होता. प्रथम मला वाटले, बरे खाऊपिऊ लागला आहे. मग तो जवळ आला आणि मी त्याचे डोळे पाहिले. पापण्या सुजून जड झाल्या होत्या. बुटांच्या नाड्या सोडलेल्या होत्या.

“मिस्टर रायटर,” तो म्हणाला. आवाज पूर्वीचाच होता. “त्या बाईला उत्तर मिळाले?”

“नाही.”

“तिला फोन केलास?”

“उत्तर नाही तर काय सांगू?”

“हेच सांग की नाही मिळाले. दर महिन्याला सांग. मी ते केले नाही, पळून आलो. तू करू शकतोस, तुला भाषा येते.”

मी त्याच्या पायांकडे पाहत होतो. त्याने ते पाहिले, आणि पाय थोडे मागे घेतले. फाटकाशी उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाने त्याच्यासमोर असेच पाय मागे घेतले होते.

मी म्हणालो, “फ्रान्सिस, लघवी कशी आहे?”

तो हसला. इतक्या दिवसांत मी त्याला प्रथमच मोठ्याने हसताना पाहिले. “हा शब्द तुझ्या तोंडात येतो तर!”

“रंग सांग.”

तेवढ्यात त्याच्या कंपनीची बस आली आणि कोणीतरी “यल्ला, यल्ला” ओरडले. फ्रान्सिस कठड्याला धरून चढला. एक पायरी चढून थांबला, मग दुसरी. खिडकीशी बसला आणि डोके काचेला टेकले. मी काचेवर हात मारला. त्याने डोळे उघडले नाहीत. बस हलली. मी तिच्या बरोबरीने काही अंतर चाललो, मग धावलो, मग माझ्याने धाववेना.

सबब, या अर्जाद्वारे ज्या कोणास अधिकार असेल त्यास कळविण्यात येते, की संपत लक्ष्मण धोंगडे याची लघवी मृत्यूपूर्वी अनेक दिवस काळ्या चहासारखी होती, हे त्याने सांगितले होते आणि ते मी लिहिले नाही. तो कशाने मेला ते त्याच्या पत्नीस तिला समजेल अशा शब्दांत कळवावे. फ्रान्सिस ओकेलो याची जप्त केलेली वही एखाद्या डॉक्टरच्या हाती द्यावी. तीतील पाच माणसे अद्याप आमच्या वस्तीत आहेत आणि उद्या पहाटे कामावर जाणार आहेत. आणि स्वतः फ्रान्सिस ओकेलो, उंच, सडपातळ, चेहरा सुजलेला, कोठल्यातरी रस्त्याच्या कामावरील बिनसावलीच्या फाटकावर उभा आहे. पेडणेकर बस घेऊन जाताना प्रत्येक फाटकाकडे पाहतो, शुक्रवारी चर्चबाहेरही पाहतो. अजून सापडलेला नाही. ज्यास तो दिसेल त्याने त्याला डॉक्टरकडे न्यावे. आज न्यावे. आणि त्याच्या लघवीचा रंग कोणता आहे ते मला उलट टपाली कळवावे, ही विनंती.

आपला,
दि. स. गायधने